जैसे थे, पण कधीचे थे?

दोन हजार चोवीस साली सर्वोच्च न्यायालयाने जेवढे म्हणून मोठे निकाल दिले, त्यातले निम्मे तरी आमच्या पडवीत त्याच आठवड्यात अमलात आले. बाकीच्या देशाचं मला ठाऊक नाही.

हे सगळं बाबांमुळे. बाबा रत्नागिरीच्या कोर्टात कारकून म्हणून लागले आणि कारकुनांचे साहेब होऊन निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, बाबा परत कोर्टातच गेले, फक्त या खेपेस टेबलाच्या अलीकडून, पक्षकार म्हणून. समोरचे पक्षकार म्हणजे माझे काका, बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. दोघांची घरं एका आवारात, पंधरा पावलांवर. वाटणी झाली तेव्हा बाबांनी मधून गडगा घातला. गडगा म्हणजे आमच्याकडचं दगडांचं कुंपण, नुसता दगडावर दगड रचायचा, ना चुना ना सिमेंट. काकांचं म्हणणं, गडगा हातभर आमच्यात सरकवलाय. बाबांचं म्हणणं, सरकलायच, पण हातभर आपल्याच बाजूला, तोही मनाच्या मोठेपणाने. मोजणीवाले दोनदा येऊन चहा पिऊन गेले आणि तीन वेगवेगळ्या रेषा आखून गेले.

मग काय, दावा. खालच्या कोर्टात काका जिंकले, वरच्या कोर्टात बाबा, मुंबईच्या हायकोर्टातही बाबा. तेव्हा काका दिल्लीला गेले. म्हणजे कागद गेले. काका एसटीत कंडक्टर होते, त्यांचा जन्मातला सगळ्यात लांबचा प्रवास रत्नागिरी ते बोरिवली, आणि तोही उभ्याने.

या अठरा वर्षांत कोर्टं बदलली, न्यायाधीश बदलले, वकिलांची पोरं वकील झाली, पण एक हुकूम खालपासून वरपर्यंत टिकला: जैसे थे. निकाल लागेपर्यंत कोणी काही हलवायचं नाही. आता हे शब्द इतर लोक जरा सैल हाताने वापरतात. बाबा नाही. बाबांसाठी कोर्टाचा शब्द म्हणजे देवाच्या डोक्यावरचं फूल, वाऱ्याने हललं तरी त्यांचा जीव वरखाली. एकदा काकांच्या माडाचा नारळ गडग्याला लागून आमच्या बाजूला पडला. बाबांनी आम्हाला उचलू दिला नाही आणि काकांना उचलायला यायची सोय नव्हती. पडून पडून त्याला कोंब आला. आता त्याच्या चार झावळ्या झाल्या आहेत, आणि तो कोणाच्या नावावर लावायचा हा एक नवाच प्रश्न होऊन बसलाय.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, जवळच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. माझ्या लग्नाचं प्रकरण केव्हाच मुदतबाह्य झालं, त्यामुळे घरीच असते, आणि या सगळ्याची साक्षीदार आहे. फुटलेली साक्षीदार म्हणा हवं तर, ते पुढे कळेलच.

खरं नुकसान झालं ते आईचं आणि काकूचं. दोघी एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर या घरात आल्या. मुंडावळ्या बांधल्या तेव्हापासून एकमेकींना धरून राहिल्या. दोघींची बाळंतपणं, आजारपणं, सासूची बोलणी, सगळं अर्धं-अर्धं. आणि मग मध्ये गडगा. आईची उंची बेताची, गडगा तिच्या डोक्यावरून जाणारा. पलीकडून काकूचा आवाज यायचा, काकू दिसायची नाही. सुरुवातीला दोघी घाटी उतरून रस्त्यावर जायच्या नि दुसरी घाटी चढून एकमेकींकडे यायच्या. आमच्याकडची घाटी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पावसात शेवाळ आणि उन्हात तवा. मग काकूचे गुडघे गेले. त्याच सुमारास आईला चक्कर यायला लागली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद. झालं! पंधरा पावलांवर राहणाऱ्या दोन जावा वर्षातून एकदा भेटायला लागल्या, गणपतीत, तेही कोणी रिक्षा करून दिली तर.

"मेल्या दगडांना कसं काही होत नाही गो," आई म्हणायची. "आम्ही खिळखिळ्या झालो, तो आपला उभाच."

तर ते चोवीस साल. आपलं प्रकरण यंदा लागणार, असं दिल्लीच्या वकिलाने कळवलं आणि बाबांनी अभ्यासाला घेतलं. अभ्यास म्हणजे रोज सकाळी पेपरातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पडवीत मोठ्याने वाचायचा, आणि मग तो घराला लावून बघायचा. पलीकडे काकांनाही ऐकू जावं, एवढ्या मोठ्याने. काकांचा पेपर बंद होता. मला वाटतं, मुद्दामच बंद केला होता.

फेब्रुवारीत राजकीय पक्षांना मिळणाऱ्या गुपचूप देणग्यांचा निकाल आला. देणारा कोण हे लोकांना कळलं पाहिजे, म्हणून निवडणूक रोखे रद्द. बाबा दुपारीच उठून देवळात गेले आणि तिथल्या पेटीवर 'गुप्तदान' असं लिहिलंय त्याला त्यांनी लेखी हरकत घेतली. गुरवाने ती हरकत घडी करून पेटीतच टाकली. पुढे शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली तेव्हा गाऱ्हाणं घालणाऱ्याने देवाला सांगितलं, "आणि ह्या घरातल्या माणसाच्या डोक्यातला कायदा जरा कमी कर रे म्हाराजा." सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" पलीकडून सगळ्यात मोठा आवाज काकांचा होता. त्यांचा आवाज ओळखता येतो, तीस वर्षं "पुढे सरका" म्हणून तयार झालेला आहे.

उन्हाळ्यात माळढोक पक्ष्यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की हवामानबदलाच्या त्रासापासून संरक्षण हाही माणसाचा हक्क आहे. आईने ते ऐकलं आणि पडवीतला पंखा काढून स्वयंपाकघरात लावायला सांगितला. बाबा तीन दिवस घामाघूम होऊन विचार करत होते, पण त्यांना युक्तिवाद सापडला नाही. पंखा अजून स्वयंपाकघरात आहे.

आणि मग आषाढात एका सकाळी गडगा पडला.

सगळा नाही. बरोबर दाराएवढा. बरोबर आमचं मागचं दार आणि काकूचं स्वयंपाकघर यांच्या मध्ये. रात्रभर पाऊस कोसळत होता हे खरं, पण पाऊस कोसळायचा थांबला नव्हता तेवढ्यात आई नि काकू त्या भगदाडात उभ्या राहून एकमेकींचे हात धरून हसत होत्या, हेही खरं. बाबा छत्री घेऊन धावले. मागोमाग डोक्यावर इरलं घेऊन काका. दोघे आपापल्या बाजूला थांबले.

बाबांनी तिथल्या तिथे पंचनामा केला. मी छत्री धरली, त्यांनी लिहिलं. तो कागद माझ्याकडे आहे. त्यात चौथ्या ओळीत बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात असं आहे: 'अतिवृष्टीमुळे कोसळलेले दगड दोन्ही बाजूंस एकावर एक नीट रचून ठेवलेल्या स्थितीत आढळून आले.' मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. आईच्या दोन्ही तळहातांची सालं निघालेली होती आणि ती त्यांना खोबरेल लावत बसली होती, पण पंचनाम्यात जागेची स्थिती लिहायची असते, तळव्यांची नाही.

आता मजा बघा. हुकूम होता 'जैसे थे'. बाबा म्हणाले, "जैसे थे, म्हणजे जसा होता तसा. गडगा उभा होता, तर तो उभा असलाच पाहिजे. मी आजच गडी लावतो."

पलीकडून काका गरजले, "हात लावून तर बघ दादा! जैसे थे म्हणजे आता आहे तस्सा. एक दगड हलवलास तर दिल्लीला अवमानाचा अर्ज टाकीन."

"अरे, 'थे' म्हणजे होते. भूतकाळ आहे तो."

"होते, पण कधी होते? कालचे होते, का परवाचे होते? परवा तर गडगाच नव्हता, आपण दोघं इथे विटीदांडू खेळत होतो!"

मराठीतला एक साधा 'थे', तोही मुळात हिंदीतून उसना आणलेला, पण अठरा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं की तो कधीचा. बाबांनी वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, तुम्ही काहीच करू नका, बोलू नका, प्रकरण लागेपर्यंत दिल्लीला कळवूही नका, उगाच नवा फाटा फुटेल. काकांच्या वकिलाने काकांनाही तेच सांगितलं. म्हणून बाबांनी दगड लावला नाही आणि काकांनी लावू दिला नाही.

आणि आमच्या मागच्या दारी स्वर्ग उतरला. सकाळी दहाला काकू काठी टेकत भगदाडातून यायची, दुपारी आई जायची. मुगागाठी काय, अळूची पानं काय, एका घरी फोडणी पडली की दुसऱ्या घरी वाटी. अठरा वर्षांचं बोलायचं साठलेलं होतं, ते त्यांनी अगदी पहिल्या वर्षापासून ओळीने काढलं. गणपतीला काकूने आमच्या चुलीपाशी बसून एकवीस मोदक वळले, एकाचीही पाकळी बिघडू दिली नाही. बाबांनी दोन मोदक खाल्ले आणि म्हणाले, हे आपल्या हक्कांना बाध न येता खात आहे. काकू हसून हसून पडायची राहिली.

पण ही मजा उसनी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारण बाबांनी सांगून ठेवलं होतं, "निकाल माझ्यासारखा लागला की दुसऱ्या दिवशी गडगा उभा. आणि आता सुका नाही, सिमेंटात." त्यांनी चिऱ्यांच्या खाणीवर निरोपही दिला होता. आणि काका म्हणत होते, "मी जिंकलो तर माझ्या हद्दीवर मीच भिंत घालीन, हातभर पुढे, आणि माणसाहून उंच." म्हणजे निकाल कोणाच्याही बाजूने लागो, हरणार होत्या आई नि काकू.

देशात खटले तुंबलेत म्हणून सगळे बोंब मारतात. माझी आई एकटीच असेल, जी रोज संध्याकाळी दिवा लावून म्हणायची, "देवा, तारीख पडू दे."

ऑक्टोबरात तुरुंगातल्या कामांचा निकाल आला. कोणत्या कैद्याने झाडायचं नि कोणी रांधायचं, हे जातीवरून ठरवायचं नाही. बाबांचा वाचताना आवाज भरून आला, ते खरे या बाबतीत फार हळवे आहेत. "जन्मावरून काम ठरवणं ही शरमेची गोष्ट आहे," ते म्हणाले.

आई विळीवर खोबरं खवणत होती. ती म्हणाली, "बाईच्या जन्माला लागू आहे का हो ते?"

बाबांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "मुद्दा विचारार्ह आहे." दुसऱ्या दिवशी ते स्वतः विळीवर बसले. खोबऱ्यापेक्षा अंगठाच जास्त खवणला गेला. आई नि काकू दाराआडून बघत होत्या. त्यांनी त्या दिवशीची सोलकढी गुलाबी झाली ती आमसुलाने, असं सगळ्यांना सांगितलं.

त्याच महिन्यात न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीचा फोटो पेपरात आला, डोळ्यांवरची पट्टी काढलेला. काकू म्हणाली, "बरं झालं बाई, आता वाट तरी दिसेल तिला." नोव्हेंबरात नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रत्येकाची खाजगी मालमत्ता काही समाजाची होत नाही, तेव्हा काकांनी गडग्यापाशी येऊन त्या झावळ्यांवाल्या नारळाकडे बोट दाखवून नुसतंच "हं!" केलं. आणि त्याच महिन्यात बुलडोझरचा निकाल आला, की पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कोणाचं बांधकाम पाडायचं नाही. आमच्या लाकडांच्या खोपीचं छप्पर कुजलं होतं, आईला ती पाडायची होती. बाबांनी खोपीवर नोटीस चिकटवली. आत मांजरी व्यालेली होती. नोटिशीत 'सध्याचे वहिवाटदार: मांजर व तिची चार पिल्ले' असं लिहिलं होतं. सोळाव्या दिवशी बाबा बघायला गेले, तर मांजरीने पिल्लं काकांच्या माळ्यावर हलवली होती. कायदा पाळणारं एवढं एकच जनावर आमच्या आवारात आहे, असं बाबा अजून म्हणतात.

आणि डिसेंबर लागता लागता आमचं प्रकरण यादीत आलं.

हल्ली दिल्लीतली सुनावणी फोनवर दिसते. बाबांनी सकाळी आंघोळ करून कोट घातला, कोर्टातला जुना काळा, कोपरावर चकाकणारा. पण घरात रेंज बोलण्यापुरतीच, चित्र दिसण्याएवढी नाही. तेवढी रेंज येते ती फक्त गडग्यापाशी, त्या पडलेल्या दगडांच्या ढिगावर उभं राहिलं की. बाबा तिकडे गेले, तर काका आधीच ढिगावर बसलेले. त्यांच्या फोनमध्ये काही दिसेना, गोल गोल चक्र फिरत होतं. काकांनी दोन मिनिटं आकाशाकडे बघितलं, मग जरा सरकून दगडावर जागा केली आणि म्हणाले, "पुढे सरका."

असे दोघे अर्जदार आणि प्रतिवादी, वादाचा विषय बुडाखाली घेऊन, एका फोनमध्ये डोकं घालून बसले. मी मागे उभी. आई नि काकू परसात वालाच्या शेंगा सोलत होत्या, म्हणजे हातात शेंगा होत्या. बाबांचा बीपी, काकूचे गुडघे, आईची चक्कर, सगळं त्या अर्ध्या तासात एका जागी गोळा झालं होतं.

प्रकरण पुकारलं. दोन्ही वकील उभे राहिले. सगळं इंग्रजीत, भराभर. काकांना इंग्रजी येत नाही. ते बाबांना कोपराने ढोसत होते, "काय म्हणतायत? दादा, काय म्हणतायत?" आणि बाबा सांगत होते. स्वतःच्या विरुद्धचा मुद्दा आला तरी जसाच्या तसा सांगत होते, वर म्हणत होते, "तुझा वकील चांगला मांडतोय हो."

मग एका न्यायमूर्तींनी विचारलं, पक्षकारांची वयं काय? काका फोनमध्ये ओरडले, "त्र्याहत्तर!" आवाज बंद होता म्हणून दिल्ली वाचली. आणि मग त्यांनी विचारलं, गडगा जागेवर आहे ना?

दोन्ही वकील एका सुरात म्हणाले, आहे, जैसे थे आहे.

बाबांनी हे भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मभर ज्या जागेला ते देऊळ मानत आले, तिथे त्यांच्या नावावर खोटं सांगितलं गेलं होतं, आणि ते स्वतः त्या खोट्यावर बसलेले होते. त्यांनी तोंड उघडलं. समोर काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. आईने मान वर केली नाही. बाबांनी तोंड मिटलं. आणि तेवढ्यात आमची रेंज गेली.

संध्याकाळी बाबांच्या वकिलाचा फोन आला, जिंकलो. काकांच्या वकिलाने काकांना सांगितलं, लेखी हुकूम येऊ दे, मग बघू. म्हणजे कळायचं ते कळलंच. अठरा वर्षांनी बाबा जिंकले होते. आईने जेवायला वाढलं, बाबांच्या पानात गोड म्हणून गूळ ठेवला, आणि म्हणाली, "कधी यायचा गवंडी?"

"लेखी हुकूम तर येऊ दे," बाबा म्हणाले.

"आला की सांगा. काकूला एकदा नीट जेवायला घालीन म्हणत्येय." एवढं बोलून ती मोरीकडे तोंड करून उभी राहिली. मला इतका राग आला होता, बाबांचा, काकांचा, त्या हातभर जमिनीचा, की मी माझं पान तसंच टाकून उठले.

दोन दिवसांनी हुकूम आला. मी शाळेच्या प्रिंटरवर काढून आणला, एकच पान. बाबांनी चष्मा लावला. एवढ्यात भगदाडातून काका आले. अठरा वर्षांत आमच्या पडवीत त्यांचं हे पहिलं पाऊल. पायरीवर चपला नीट काढून ठेवल्या, खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "वाच दादा. मी हरलोय ते मला ठाऊक आहे. पण वकील काय सांगतो त्यावर माझा विश्वास नाही. तू वाच, तू कोर्टाच्या कागदाला बट्टा लावणार नाहीस."

मागे काकू काठी टेकून अर्ध्यात थांबली होती, ना इकडे ना तिकडे. आई पदराला हात पुसत दारात आली.

मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. कागद मलाही दिसत होता. इंग्रजी माझं रोजचं आहे. त्यावर मुळात दोन वाक्यं होती. अपील फेटाळण्यात येत आहे. आणि पूर्वीचा जैसे थेचा हुकूम उठवण्यात येत आहे. संपलं. बाबांनी उद्या गडगा घातला तर देशातलं कोणतंही कोर्ट त्यांना अडवू शकत नव्हतं.

बाबांनी घसा साफ केला. एकेक शब्द ठोकून, जसे ते पूर्वी कोर्टात वाचायचे तसे, त्यांनी वाचलं, "अपील फेटाळण्यात येत आहे."

"हरलो," काका म्हणाले.

"हरलास. पुढे ऐक." बाबांनी कागद आणखी जवळ धरला. "मात्र, सदरहू गडगा आज रोजी ज्या स्थितीत आहे, त्याच स्थितीत यापुढे कायम राहील. उभय पक्षांपैकी कोणीही त्यास हात लावू नये."

मी कागदाकडे बघितलं, परत बघितलं. तिथे पांढरा कागद होता, आणि खाली सह्या. ज्या माणसाने जन्मात कोणाच्या अर्जातला स्वल्पविराम हलवला नाही, त्याने भर दुपारी, सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने, दोन वाक्यं स्वतःच्या पदरची घातली होती.

काका खांब सोडून पुढे सरकले. "म्हणजे तूही बांधायचा नाहीस?"

"नाही."

"आणि मीही नाही?"

"हात लावलास तर अवमान."

"पण दादा, आज रोजी तर तो पडलेला आहे."

"कोर्टाला सगळं ठाऊक असतं," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले, पुसायला त्यावर काही नव्हतं.

काकांना काहीतरी वेगळं वाटलं असावं. कंडक्टर होते ते, खोटं तिकीट त्यांना लांबून कळतं. ते माझ्याकडे वळले. "काय गो, तू इंग्रजीची मास्तरीण. असंच लिहिलंय ना?"

मी बाबांकडे बघितलं नाही.

"अगदी अस्संच लिहिलंय, काका," मी म्हणाले.

"आयशीचा घो! मग सर्वोच्च म्हणतात ते उगाच नाही," काका म्हणाले आणि चहा मागितला. काकू तोवर आत येऊन पाटावर बसली सुद्धा होती.

चहाचं सगळं आवरल्यावर आईने तो कागद माझ्या हातातून घेतला. तिला इंग्रजी येत नाही. तिने तो उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "ते गडग्याचं कुठल्या ओळीत आहे गो?"

मी एका ओळीवर कुठेतरी बोट ठेवलं. ती ओळ बहुधा वकिलांच्या हजेरीची होती. आई त्या ओळीकडे चांगली मिनिटभर बघत राहिली.

"पन्नास वर्षं ह्यांचे कागद झटकत्येय मी," ती म्हणाली. "एवढं सरळ वाक्य कोर्ट कधी लिहीत नाही." कागद घडी करून तिने डाळीच्या डब्याखाली ठेवला, पडवीत झोपलेल्या बाबांच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि काकूकडे गेली.